इस्त्रीच्या टेबलाचं नाव

नवी: म्हणजे तुम्ही कुणाचेच जावई नाही?

जावईबापू: अजून तरी नाही. आता साठीला आल्यावर, नोकरीच्या शेवटच्या दिवशी कोण विचारणार? ती बाही उलटी कर. शिवणीवर आधी आतून इस्त्री, मग बाहेरून.

नवी: आणि तरी आख्खं दुकान तुम्हाला जावईबापू म्हणतं.

जावईबापू: मला कुठे म्हणतं? या टेबलाला म्हणतं. इस्त्रीला उभा तो जावईबापू. कटिंगला उभा तो काका, मग मिसरूड का फुटलेलं नसेना. काज-बटणाला बसेल ती घुबड.

नवी: घुबड! इतक्या गोड बाईला?

जावईबापू: पहिली होती ती जाड भिंगांची. ही तर गप्पा मारता मारता सुई ओवते. पण नाव टेबलाचं, इलाज नाही. रुळली आता. परवा तिचा नवरा डबा द्यायला आला, तर तोही बाहेरून विचारतो, "घुबड आहे का?"

नवी: मग पहिला जावईबापू कोण?

जावईबापू: तो खराखुरा. ज्यांनी दुकान काढलं त्यांचा. सासऱ्यांनी मुलगी दिली, पण कात्री द्यायचा काही धीर झाला नाही. म्हणून इस्त्री.

नवी: तुम्ही लग्नाचं कधी बघितलंच नाही?

जावईबापू: एकदा जुळत आलं होतं. बोलणी करायला काका आले होते बरोबर, कटिंगवाले. मुलीच्या वडिलांना म्हणाले, "आमचे जावईबापू फार साधे." ते म्हणाले, "तुमचे? आधीपासूनच?" समजावून सांगेपर्यंत चहा गार झाला. मुलीकडचेही.

नवी: हसले तर चालेल?

जावईबापू: हस की. सगळे हसतात. पाणी शिंपड नुसतं, कोटाला आंघोळ घालू नकोस.

नवी: पण खरं नाव असेलच ना काहीतरी?

जावईबापू: आहे ना. बँकेत वापरतो. तिथे दोनदा-तीनदा पुकारतात, मग शेजारचा कोपर मारतो, "अहो, तुम्हीच ना?" तुला काय म्हणतात घरी?

नवी: बास.

जावईबापू: बरं बाई, नाही विचारत.

नवी: अहो, 'बास'च म्हणतात. सलग चौथी मुलगी मी. बातमी ऐकल्यावर आजोबांच्या तोंडून निघालं ते चिकटलं. मागच्या दुकानात नुसतं 'ए' होतं. म्हणून खरं सांगू? उद्यापासून मला जावईबापू म्हणतील, ते आवडलंय. ऐकणारा निदान खुर्ची तरी पुढे करेल.

जावईबापू: हं.

नवी: काय झालं?

जावईबापू: कुठे काय? कॉलरवर ओलं फडकं टाक. मी काय म्हणतो, बाईमाणसाला जावईबापू म्हणजे कसंसंच वाटतं. मालकीणबाईंशी बोलून तुझ्यापुरती ही पद्धत मोडता येईल.

नवी: सकाळी म्हणालात, पद्धत म्हणजे पद्धत.

जावईबापू: सकाळी मी नोकरीत होतो.

नवी: दुकान बंद होईपर्यंत अजूनही आहात. खरं काय ते सांगा.

जावईबापू: माझ्या आधीचे जे होते, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं, ते घरी बसल्यावर एकदा भेटायला आले होते. दारात पोचले आणि आतून हाक आली, "जावईबापू!" दोघांनीही ओ दिली.

नवी: अगं बाई. मग?

जावईबापू: हाक मला होती. ते हसले. म्हणाले, "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावावं." चपलाही काढल्या नाहीत. पुन्हा कधी आले नाहीत. रागावले नव्हते गं. दारात उभं राहून माणूस सांगणार काय, की कोण आलंय?

मालकीण: (पडद्यापलीकडून) जावईबापू! कोट झाला का? गिऱ्हाईक उभं आहे!

नवी: तुम्हाला हाक आली.

जावईबापू: इस्त्री कुणाच्या हातात आहे?

नवी: माझ्या. पण...

जावईबापू: मग ओ दे. गिऱ्हाईक काय आपलं ऐकत बसणार आहे?

नवी: ओ, मालकीणबाई! आणते!

मालकीण: अरेच्चा, आवाज बदलला की जावईबापूंचा!

जावईबापू: टेबल तेच आहे, मालकीणबाई, आता उभी मी आहे. हा घ्या कोट. आणि पद्धतीत एक भोक आहे, ते सांगायचं होतं. टेबल सोडलेल्याला काय म्हणायचं?

मालकीण: काही नाही म्हणत. का?

जावईबापू: नवा जावई आला की त्याच्यासमोर कोण असतं?

मालकीण: सासरा. पण यांना मुलगी कुठे आहे?

जावईबापू: मी तरी कुठे जावई आहे?

मालकीण: हेही खरंच. बरं बाई, तसं तर तसं. निघाले का ते? अहो सासरेबुवा! डबा विसरलात! सासरेबुवा!

जावईबापू: मारू का कोपर?

सासरेबुवा: ओ.