शोध थांबवा, नात घरी आली आहे

नाव : कागदावरचं नाव फौजदार बाईंनी लिहून घेतलं आहे, पण त्या नावानं हाक मारलीत तर मी वळून बघणार नाही. मला सगळे टॉवेलआजी म्हणतात. वय : सत्तरीच्या पुढे. धंदा : तलावावर पोहायला येणाऱ्यांचे टॉवेल धुणे, पोशाखांना टाके घालणे. शिक्षण : दुसरी, तीही अर्धी. राहणार : तलावाचा रस्ता, कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागचं घर.

मी आज ठाण्यात समक्ष येऊन, कोणी दटावलं म्हणून नव्हे तर मोठ्या आनंदानं सांगते की,

मी, माझी विधवा सून आणि नात अशा तिघी एका घरात राहतो. नात एकोणीस वर्षांची. लहानपणी पाण्यातून बाहेर काढली की भोकाड पसरायची, म्हणून तिला मासोळी म्हणतात. तिची हरवल्याची तक्रार सुनेनं याच ठाण्यात दिली होती. ती आता बंद करावी, कारण मासोळी घरी आली आहे.

ती गेली तेव्हा थंडी नुकती सरत होती. दुपारी ऊन असं, की अंगावर स्वेटर नको वाटावा. पण तलावाचं तसं नसतं. हवा एका दिवसात तापते, तलावाला दोन महिने लागतात. घरातल्या म्हाताऱ्यासारखा तो सगळ्यांच्या मागून उठतो. फौजदार बाई म्हणाल्या, आजी, मुद्द्यावर या. हाच मुद्दा आहे, बाई.

तलावाच्या रखवालदाराला आम्ही पारा म्हणतो. तो रोज सकाळी पाण्याचं तापमान बघतो आणि झेंडा लावतो. लाल असेल तर उतरू नये, पांढरा असेल तर चालेल. पण त्याचे गुडघे धरलेत. होडीत चढवत नाही, म्हणून तो थर्मामीटर पायऱ्यांवरच्या वीतभर पाण्यात बुडवतो. तिथला दगड उन्हानं तापलेला. त्या दिवशी पांढरा झेंडा लागला आणि मासोळीनं पलीकडच्या खडकावरून उडी मारली. तिथं पाणी खोल आणि गार. मैत्रिणी सांगतात, ती एकदाच वर आली, घशातून मोठ्यानं श्वास ओढला, आणि गेली. गार पाण्यात एकदम पडलं की श्वास आपला राहत नाही. आधी पाय भिजवावेत, मग मानेवर पाणी मारावं, मग उतरावं, आणि दात वाजायच्या आधी बाहेर यावं. हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. पण ऐकेल ती नात कसली! पाऱ्यावर माझी तक्रार नाही, तेही लिहा. आता तर मुळीच नाही.

शोध झाला, हाती काही लागलं नाही. तेव्हा पाणबुड्या मला म्हणाला, "आजी, तळाशी पाणी बर्फासारखं आहे. इतक्या गारठ्यात माणूस खालीच राहतो. तलाव तापला की वर येईल." त्याला काय म्हणायचं होतं ते मला समजलं, मी काही दुधखुळी नाही. तरी मी रोज सकाळी पाऱ्याला विचारायला लागले, "आज किती रे?" तो मान खाली घालून आकडा सांगायचा. आकडा चढला की मला बरं वाटायचं.

परवा दुपारी मागचं दार वाजलं. मासोळी उभी. अंगावर तोच निळा पोहण्याचा पोशाख, केसांतून पाणी गळतंय. मी म्हटलं, "कुठं होतीस गं भवाने? आईचा जीव टांगणीला लावून?" तर हसली. म्हणाली, "खाली होते. वर आता ऊन झालंय आजी, पण खाली अजून गार आहे. गारच बरं वाटतं."

तिची तब्येत चांगली आहे. फक्त केस वाळत नाहीत. धुतलेले होते नव्हते तेवढे टॉवेल लावले, सगळे पिळून काढावे लागले. चहा दिला, तिनं कप धरला आणि चहा तिच्या हातातच निवला. शेगडीजवळ बसत नाही. न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून घेते आणि त्यात निजते, तोंड पाण्याखाली, डोळे उघडे. तशीच बोलते, तरी शब्दन्‌शब्द ऐकू येतो. पूर्वी फार उलट बोलायची, आता किती गोड बोलते!

सून आधी भिंतीला चिकटून उभी राहिली होती. मग लेकीनं हात पुढे केला, तो तिनं धरला. तेव्हापासून टबाशेजारून हलली नाही. बाही खांद्यापर्यंत ओली, ओठ निळसर पडलेत. पण हसते आहे. इतक्या दिवसांनी हसते आहे, बाई.

आज सकाळी हवालदार मला न्यायला आले. माझ्या घरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून सपशेल आडवे झाले, विचारा त्यांना. हसू दाबताना माझ्या पोटात दुखायला लागलं. न्हाणीघरातून दोन बायकांचं बोलणं त्यांनीही ऐकलं. दार उघडून मात्र बघितलं नाही. म्हणाले, आजी, आधी ठाण्यात चला.

तलावात पहाटे वर आलेलं प्रेत मला दाखवलं. चेहरा ओळखण्यासारखा नाही. पोशाख निळा आहे. काखेखालचा टाका माझ्या हातचा आहे, हे मी कबूल करते. पण टाक्यावरून नात ठरत नाही. घरी एक आणि इथं एक, असे दोन पोशाख कसे, हे मला विचारू नये. मी ते प्रेत ताब्यात घेणार नाही. माझी नात घरी आहे.

फौजदार बाईंनी विचारलं, "सून आत्ता घरीच आहे ना?" मी सांगितलं, आता कशी असेल? मी हवालदारांबरोबर निघाले तेव्हाच दोघी मागच्या दारानं अनवाणी तलावाकडे गेल्या. सुनेनं जन्मात पाण्यात पाऊल घातलं नाही. नात म्हणाली, "आई, आता पाणी छान आहे. मी तुझा हात सोडणार नाही." मीही येते म्हटलं, तर मला म्हणाली, "आधी ठाण्यात जाऊन त्यांना शोध थांबवायला सांग आजी, मग तुला नेते."

एवढं सांगितल्यावर फौजदार बाई खुर्ची पाडून उठल्या आणि दोन शिपाई घेऊन गाडीतून गेल्या. इतकी घाई कशाला, पाणी काही पळून जात नाही.

पुढचं हवालदारांनी लिहून घेतलं आणि सगळं मला वाचून दाखवलं. मी बोलले तेच त्यात आहे, कमीजास्त नाही. शोध थांबवा, हे मोठ्या अक्षरात लिहायला लावलं आणि मगच अंगठा उठवला. आता मला सोडा. त्या दोघी खडकावर माझ्यासाठी थांबल्या असतील.