पाच हजार एकोणचाळीस

पीटीचे सर : परत मोजा, बाई. चुकलं असेल.

बाई : तीनदा मोजलं, सर. सत्तर रांगा, एकेकीत बहात्तर मुलं. शेवटच्या रांगेत एकाहत्तरच भरतात. एकूण पाच हजार एकोणचाळीस.

पीटीचे सर : आणि सकाळी फाटकावर?

बाई : बरोब्बर पाच हजार चाळीस. साठ शाळा, प्रत्येकी चौऱ्याऐंशी. बसमध्ये चढून डोकी मोजलीत मी.

पीटीचे सर : अर्ध्या तासात पाहुणे येतील हो! एका पोरानं काय अडतंय? बसवू कसंतरी.

बाई : कसं बसवणार? हा आकडा तुम्हीच हट्टानं धरलात. सत्तर रांगा मोडून ऐंशी होतात, ऐंशी मोडून नव्वद, आणि एक मूल उरत नाही. साठ भाजक आहेत त्याला. पण एक कमी केला की मूळ संख्या. कशानंच भाग जात नाही. कशाही लावा, कुठेतरी भोक पडणारच.

पीटीचे सर : मग एकोणचाळीस जणांना बाजूला बसवा. पाच हजार, गोल आकडा.

बाई : त्याला सत्तरनं भाग जात नाही. आणि सर, ते मूल कुठंय?

(सर रांगांकडे बघतात.)

बाई : शौचालयं पाहिली, टाकीमागं पाहिलं. आता एकच उपाय. शाळेप्रमाणे उभी करा. बाराच्या सात रांगा. जिची सातवी रांग तोकडी, ती शाळा.

पीटीचे सर : म्हणजे कवायतीची सगळी रचना मोडायची? दोन महिने घसा फोडलाय मी!

बाई : ऊन बघा केवढं चढलंय.

पीटीचे सर : ...काल सरावात एक मुलगी सारखी उलटी वळत होती. मी माइकवरून ओरडलो. म्हटलं, एका गाढवामुळे पाच हजारांचं वाटोळं.

बाई : कुठल्या शाळेची?

पीटीचे सर : चेहरे कुठे बघतो मी? मला रांगाच दिसतात. थांबा, शिट्टी वाजवतो. मोडा सगळं.

—

बाई : सापडली! सव्विसावी शाळा, त्र्याऐंशी. त्यांची बस मागच्या मैदानात आहे. कुलूप लावून ड्रायव्हर चहाला गेलाय.

पीटीचे सर : उन्हात? बंद बस? सरका... सरका रे! किल्ली आणा कुणीतरी, नाहीतर काच फोडतो मी!

—

मुलगी : सर, मारू नका.

पीटीचे सर : नाही गं बाळा. बाहेर ये. हळू. केवढी तापलीयेस... सीटखाली कशाला शिरलीस?

मुलगी : मला वळण जमत नाही. मी नसले की नीट होईल म्हटलं. मग दार उघडेना. हाका मारल्या, पण बँड वाजत होता.

पीटीचे सर : बँड मीच लावला होता.

मुलगी : पाहुणे आले? माझ्यामुळे रांगा बिघडल्या?

पीटीचे सर : नाही. मीच मोडल्या. सगळ्या.

मुलगी : मग आता परत लावणार?

पीटीचे सर : आधी पाणी पी.