मेथीची बरणी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारं जोडपं हळू आवाजात भांडत होतं, आणि हळू आवाजातलं भांडण तर शब्दन् शब्द ऐकू येतं.

"आज मी डॉक्टरांना सांगणारच."

"काय? मी रोज सकाळी भिजवलेल्या मेथ्या खातो म्हणून?"

"हो. दोनदा चक्कर येऊन पडलात. साखर एवढी खाली का जाते, ते त्यांना कळेनासं झालंय."

"अगं, त्यांनी औषधांचं विचारलं होतं. मेथी काय औषध आहे?"

"बरं! मग बायकोच्या मेथीनं साखर उतरली, असं अख्ख्या गल्लीला कोण सांगत फिरत होतं?"

"गल्लीचं वेगळं. डॉक्टर हसतील."

"कुणाला?"

"तुलाच. म्हणतील, बाई चुलीपुढं बसून डॉक्टरकी करते."

"हसू देत. मेथी गुणाची आहे, म्हणूनच सांगायची. गोळी साखर उतरवते, मेथीही उतरवते. दोघी मिळून तुम्हाला पाडताहेत."

"मग उद्यापासून मेथी सोडतो. पण तू गप्प बस."

"का? मी काय चोरी केलीय?"

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. आजींनी पिशवीतून मेथ्यांची बरणी काढली, छातीशी धरली आणि नवऱ्याच्या पुढं होऊन आत शिरल्या. दार लागायच्या आत त्यांचा आवाज बाहेर आला.

"डॉक्टर, हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मग कागदावर गोळीच्या शेजारी हिचंही नाव लिहा."