उंबऱ्याअलीकडचा निळू गुरव

मंडळी, ऐका! आजचा सवाल साधा आहे. लाज कुणाची? ज्याला हसतात त्याची, की हसणाऱ्याची? घाईनं उत्तर देऊ नका! सोपानराव मागं मान हलवताहेत — पण ती झोपेची मान आहे, मला कळते!

आमच्या गावी सिद्धेश्वराच्या पूजेला धोंडिबा गुरव. त्याचा एकुलता एक मुलगा निळू. पहाटे विहिरीचं पाणी निळूनं शेंदायचं, बेल निळूनं तोडायचा, भरली घागर घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत यायचं — आणि तिथंच थांबायचं! घागर बापाच्या हातात द्यायची. एक नाही, दोन नाही, वीस वर्षं!

का? अहो, आमच्याकडे गाभाऱ्यात पुरुषानं उघड्या अंगानं जायचं. आणि निळू सदरा काढायचा नाही!

गाव म्हणायचं, पोरगं शिकलं, नास्तिक झालं. बाप तर बोलेनासाच झाला. आणि निळू? उंबऱ्याशी उभा राहून बघायचा. पाणी आपण आणलेलं, पिंडीवरून ओघळताना दिसतंय, पण ती पिंडी हाताला किती गार लागते, ते ठाऊक नाही! केवढी ओढ, मंडळी! रोज पाणी वाहणारा माणूस रोज तहानलेला!

खरं कारण ऐका. चौदाव्या वर्षी त्याची छाती वाढली. बाईसारखी. — कोण हसलं? हसून घ्या! फिरून तुमच्याकडेच येणार आहे मी.

काय नाही केलं त्यानं! पंचा आवळून बांधला, दोन-दोन बनियनं घातली, रोज शंभर जोर काढले. दंड फुगले, छाती तशीच! शेवटी बायको, रोहिणी, म्हणाली, "अहो, उन्हाळ्यातसुद्धा हे घालून झोपता. डॉक्टरांना दाखवू. मी येते बरोबर."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वयात येताना पुष्कळ मुलांना होतं, बहुतेकांचं आपोआप जातं. तुमचं राहिलं. आतली ग्रंथी वाढलीय, ती व्यायामानं वितळत नाही. आधी तपासण्या करू. कधी एखाद्या औषधानं, आजारानंही होतं. आणि एका बाजूला कडक गाठ लागली, तर अंगावर काढू नका. पुरुषालाही तिथं कॅन्सर होतो."

तपासण्या ठीक आल्या. ऑपरेशन ठरलं. "व्रण राहील, काही दिवस बधिर वाटेल. सहा आठवडे घट्ट पट्टा, आणि जड उचलायचं नाही."

निळूनं काय विचारावं? "घागर?"

"घागरही नाही!"

आली का पंचाईत! आता बापाला सांगणं भाग पडलं. मान खाली घालून सांगितलं, "आबा, मी नास्तिक नाही हो. मला लाज वाटायची."

म्हाताऱ्यानं हनुवटी धरून त्याची मान वर केली. मग म्हणाला, "एवढंच होतं, तर मी दार लावून घेतलं असतं की रे! आत तू, मी आणि महादेव. वीस वर्षं माझ्या शेजारी जागा रिकामी राहिली, निळ्या!"

सहा आठवडे सत्तरीच्या धोंडिबानं स्वतः पाणी शेंदलं. डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सोमवारी म्हातारा घागर घेऊन आला आणि उंबऱ्याशी थांबला. "आज मी अलीकडे. जा तू."

निळूनं सदरा काढला. छातीवर दोन कोवळे व्रण. घागर घेऊन आत गेला, आणि पाणी ओतायचं विसरून दोन्ही हात पिंडीवर ठेवून बसला. रडला हो! बाप उंबऱ्याशी उभा, तोही रडला.

आणि मी? मी मंडपात होतो. माझी नजर वर होईना. कारण चौदा वर्षांच्या निळूला विहिरीवर सगळ्यांदेखत नाव ठेवणारा मीच! काय नाव, ते सांगणार नाही. उद्या तुम्ही ते दुसऱ्या कुणाला ठेवाल!

आता सांगा, लाज कुणाची? तुमच्याही घरात एखादा पोहायला येत नसेल, भर उन्हात सदरा काढत नसेल. गर्विष्ठ म्हणून नाही, शिष्ट म्हणून नाही! आज घरी जा, त्याला जवळ बसवा, विचारा. पण हळू विचारा. आणि आधी दार लावून घ्या.