प्रोसेसर दमला असेल

बाबा : मग हा मोठा घेऊ या का? आठ कोअरवाला.

मुलगी : तो बसणार नाही, बाबा. आपल्या कॉम्प्युटरचा बोर्ड जुना आहे. आधी बोर्ड बदला, मग रॅम बदला. जुनं म्हणायला नुसतं खोकं उरेल.

बाबा : आणि हा सहावाला?

मुलगी : हा बसेल. या बोर्डावर चालणारा हा शेवटचा. पण कशाला?

बाबा : कशाला म्हणजे? दर रविवारी धाकट्याबरोबर खेळताना गेम अडकतो. चांगला पुलावर उभा असतो मी, आणि बघतो तर मी तिथेच, समोरचे सगळे मरून पडलेले.

मुलगी : काल मी तासभर खेळून पाहिलं. एकदाही अडकला नाही.

बाबा : तुझ्यापुढे शहाण्यासारखा वागतो.

मुलगी : प्रोसेसर निम्मासुद्धा वापरला जात नाही, हे बघा.

बाबा : मला आकडे नको दाखवूस. धाकटा स्वतः म्हणाला, 'बाबा, प्रोसेसर दमला असेल.' परगावी गेल्यापासून फोनवर त्याचं 'जेवलो, बरा आहे' यापुढे गाडी जात नाही. खेळताना तेवढा बोलतो. आणि मी हा असा मध्येच दगड होऊन उभा. किती दिवस सोसेल? दुसरा गडी शोधेल.

मुलगी : नाही शोधणार.

बाबा : तुला काय माहीत?

मुलगी : रागावू नका. मशीन अडकत नाही. तुमचा डोळा लागतो.

बाबा : काहीतरीच.

मुलगी : पहाटेपासून बेकरीत भट्टीपुढे उभे असता. खुर्चीला पाठ टेकली की संपलं. मी दारातून पाहिलंय. हात माउसवर आणि मान खाली.

बाबा : त्याला माहीत आहे?

मुलगी : माइक तोंडाशीच असतो तुमच्या. घोरणं ऐकू जातं.

(बाबा हेडफोन हातात घेतात, पुन्हा टेबलावर ठेवतात.)

बाबा : मग तेवढा वेळ तो करतो काय?

मुलगी : तुमच्या शेजारी उभा राहतो. कुणी चालून आलं की त्याला गाठतो. मी विचारलं, उठवत का नाहीस? म्हणाला, घोरू दे, घरी असल्यासारखं वाटतं.

बाबा : नाचता येईना, अंगण वाकडं. आणि मी अंगणच बदलायला निघालो होतो.

मुलगी : प्रोसेसरचं तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलून गेला तो. तुम्ही खरंच विकत घ्यायला बसाल असं त्याला वाटलं नाही. मग राहू दे ना?

बाबा : नको. मागव तो सहावाला.

मुलगी : आता कशाला?

बाबा : नवा घेतो म्हणून त्याला सांगून बसलोय. नाही बदलला तर त्याला कळेल की तू सांगितलंस. मग म्हणेल, बाबा, तुम्ही आराम करा, रविवारचं राहू दे.

मुलगी : आणि बदलूनही पुन्हा अडकलं तर?

बाबा : तो सांगेल ना, आता रॅम बदला म्हणून.