तीन तिरप्या खुणा

मेहकरच्या बसस्थानकावर जानेफळची गाडी अजून लागली नव्हती. प्रतिमाताईंच्या शेजारी त्याच गाडीची वाट पाहत दोघी नणंद-भावजया मांडीवर लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता ताईंनी हातातल्या पुस्तकाचं पान उलटलंच नाही.

"वहिनी, प्रोग्रामिंगच्या साइटवर प्रश्न टाकून तीन दिवस झाले, अन् कोणीच उत्तर नाही दिलं?"

"एकानं दिलं, राखीताई. 'वाचता येईल असं टाका' म्हणे. मले वाटलं, आपल्याले हे जमतच नाही. उद्या क्लासमध्ये प्रोग्राम दाखवा लागते."

"पाहू द्या. अवं, सगळ्या ओळी एकात एक गेल्या!"

"मी तर वेगवेगळ्याच लिहिल्या होत्या."

"साध्या मजकुरासारखा कोड टाकला का ते साइट ओळींमधल्या जागा गिळून टाकते. वर अन् खाली तीन-तीन तिरप्या खुणा द्या, एकच्या आकड्याजवळची कळ. अन् लिहिता कशात?"

"नोटपॅडमध्ये."

"आता कोड लिहायच्या या एडिटरमध्ये टाका, हा शब्दांले रंग देते. रंग पाहा."

"इथून खाली सगळं लालच काऊन झालं?"

"तुम्हीच सांगा."

"थांबा... अवतरणचिन्ह बंदच नाही केलं मी!"

"करा मग."

"केलं. चालवू?"

"चालवा."

"चाललं! राखीताई, चाललं!"

"मग तो प्रश्न आता पुसून टाका."

"काऊन पुसू? नीट मांडून ठेवतो, अन् खाली उत्तरही मीच लिहितो. माह्यासारखं कोणी अडलं तर त्याले सापडन."

गाडी लागली. वहिनी अजून लिहीतच होत्या. प्रतिमाताई लगबगीनं आधी चढल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "सावकाश या गं, दोघींची जागा धरली."