डोक्यावरची कॅनो

नाही, मला एक सांगा, सुट्टी म्हणजे काय असतं हो? नाही, सांगाच! सुट्टी म्हणजे माणूस उशिरा उठतो, अंगणात खुर्ची टाकतो, बायको म्हणते गवत काप, आपण म्हणतो उद्या... बरोबर? ही सुट्टी! आणि आमच्या कॅनडातल्या सडबरीत सुट्टी म्हणजे काय, तर स्वतःचं घर, स्वतःचं अंथरूण, स्वतःचा संडास सोडून रानात जायचं, तेही होडीनं, आणि होडीनं जायचं म्हणजे होडीत बसून जायचं असं वाटत असेल तर तुम्ही माझ्यासारखेच भोळे! कारण तिथली तळी एकमेकांना जोडलेलीच नाहीत! एक तळं संपलं की मधे डोंगर. मग ती होडी, ती कॅनो, उलटी करून डोक्यावर घ्यायची आणि डोंगर चढायचा. का? तर म्हणे पलीकडे आणखी एक तळं आहे. अहो, पण अलीकडे होतं की एक!

तुम्हाला सांगतो, मी मुळातला हॅमिल्टनचा. तिथे आम्ही बसनं जातो आणि बस आम्हाला उचलते, आम्ही बसला उचलत नाही. पण लग्न केलं लेम्पीशी, आणि लेम्पीचं माहेर इथलं, फिनलंडहून आलेल्या लोकांचं. तिचे वडील आर्वो, म्हणजे माझे सासरे, वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी कुत्र्याशी.

तर मार्च महिना. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि ऑगस्टमधली तंबूची जागा आत्ता धरायची! पाच महिने आधी, सकाळी सातच्या ठोक्याला बुकिंग उघडतं, आणि अख्खा उत्तर ऑन्टारिओ बटणावर बोट ठेवून बसलेला असतो. आमच्या स्वयंपाकघरात तीन लॅपटॉप. एकावर लेम्पी, एकावर तिची बहीण आइला, एकावर आइलाचा नवरा ब्राइस, माझा साडू. सात वाजले, खट्... आणि लेम्पी किंचाळली! मला वाटलं, भाजलं हिला.

"मिळाली! लायल, बगळ्याच्या तळ्यावरची जागा मिळाली! किती वर्षं हुकत होती रे!" आणि रडायलाच लागली. "बाबांची पंचाहत्तरी झाली. एकदा तरी त्यांना परत तिथे न्यायचंय मला. पुन्हा कधी जमणार?"

आता बायकोच्या डोळ्यांत पाणी असताना नाही म्हणता येतं का? तुम्ही म्हणाल? कुणीच नाही म्हणत! आणि मी काय म्हणालो? "मजा येईल!"

झालं. ब्राइसनं वजनकाटा काढला. हा माणूस दात घासायच्या ब्रशची दांडी कापतो. कापतो! वजन कमी व्हावं म्हणून! मी म्हटलं, एक उशी घेऊ का, बारकीशी? "स्वेटरमध्ये मोजे कोंब, झाली उशी." खुर्ची? नुसता हसला. माझा टॉवेल घेतला आणि माझ्यादेखत अर्धा फाडला. "पाठ काय, अशीच वाळते, दोस्ता." तिकडे लेम्पी ओव्हनमध्ये मांसाचा रस्सा वाळवतेय. आधी शिजवायचा, मग वाळवून त्याचं चामडं करायचं, मग रानात नेऊन त्यात पाणी घालायचं, आणि जेवून उरलं की पिशवी दोरीनं झाडाला टांगायची, कशासाठी, तर अस्वलासाठी. म्हणजे अस्वलाला मिळू नये म्हणून. मी म्हणतो, अस्वलाला तो रस्सा एकदा खाऊ घाला, परत फिरकणार नाही!

मग विषय निघाला कॅनोचा. ब्राइस म्हणाला, हल्ली हलक्याफुलक्या मिळतात भाड्यानं, एका हातानं उचलाव्यात अशा. तर कोपऱ्यातून आर्वोंचा आवाज: "माझी." संपलं! आर्वोंची कॅनो म्हणजे देवदाराच्या फळ्या, वर कॅनव्हास, त्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाची पुटं. ब्रशची दांडी कापणाऱ्या माणसानं हिचं वजन केलं का? छे! आणि उचलणार कोण? आर्वोंचा गुडघा गेलेला. ब्राइसनं लगेच कंबर धरली. आत्तापर्यंत ठणठणीत होती हो ती कंबर! मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काय म्हणालो? "मजा येईल!"

"चल," आर्वो म्हणाले. सराव! बर्फात! त्यांनी एक टोक धरलं, मी खाली शिरलो, आणि बदकन आली ती खांद्यावर. तुम्ही कधी कॅनोखाली गेलायत? स्वतःचे बूट सोडून काही म्हणजे काही दिसत नाही. समोरून कुणाचं तरी कुत्रं आलं, मागून शेजारच्या मिसेस डेरोझिएंचा आवाज: "लायल का? कॅनो वाटतं?" म्हटलं, हो. "छान!" आणि वळताना माझं टोक त्यांना लागलं, मी म्हटलं सॉरी, त्या म्हणाल्या सॉरी, मी परत सॉरी... इथे पाठीचा कणा मोडतोय आणि आमची सॉरी संपेना!

त्या गेल्या. आणि मग माझ्या कानाशी आर्वो हळूच म्हणाले, "लायल. मला नाही जायचं."

मी थांबलो, कॅनो थांबली नाही, जाऊन पत्रपेटीवर आदळली. "काय?"

"नाही जायचं. मला कधीच आवडलं नाही. डास. ओलं अंथरूण. घरी सॉना आहे." सॉना म्हणजे या फिनलंडवाल्यांची गरम वाफेची खोली, घाम गाळत बसायची.

माझा चेहरा दिसत नव्हता ना, म्हणून बोलले असतील. अहो, मी त्यांना मिठीच मारणार होतो, पण डोक्यावर ती अवदसा! म्हटलं, "आर्वो, मलापण नाही जायचं!"

"माहीत आहे."

"मग सांगू या ना आत!"

"मी बोलतो. तू गप्प राहा."

राहिलो! स्वयंपाकघरात आर्वोंनी टोपी काढली. "लेम्पी. गुडघा. मी येत नाही." लेम्पीचा चेहरा एवढासा झाला, वाईट वाटलं हो मला, पण आतून मी नाचत होतो. ती म्हणाली, "मग... रद्द करू?"

मी तोंड उघडलं. आर्वोंचा हात माझ्या खांद्यावर पडला. "नको. कॅनो आता लायलची. दर वर्षी तो नेईल तुम्हाला."

दर वर्षी! अहो, त्या घरात त्या कॅनोला कुणी विचारल्याशिवाय हात लावत नाही! आइला रडली, ब्राइस रडला, लेम्पी गळ्यात पडली, "लायल, बाबांनी तुला मुलगा मानलं रे!" आणि खोटं कशाला बोलू, मीही रडलो. आणि रडत रडत मी काय म्हणालो? "मजा येईल!"

मग भानावर आलो आणि धावलो बाहेर. आर्वो गाडीत बसलेले. "आर्वो! हे काय केलंत? पुरतं अडकवलंत मला!"

काच खाली आली. आणि या माणसानं, तुम्हाला सांगतो, आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण केलं. "ही कॅनो माझ्या सासऱ्यांची. त्यांनी मला अशीच दिली. सगळे रडले. जन्मभर वाहिली."

"मग मी सुटायचं कसं?"

गाडी सुरू केली त्यांनी. "मुलगी आहे ना तुला?"

"आहे."

"मग जावई बघ."

आणि गेले सॉनाला! पोरगी चार वर्षांची आहे हो माझी, अजून बुटाची नाडी बांधता येत नाही तिला... तरीपण, तुमच्यापैकी कुणाचा मुलगा खांद्यानं रुंद असेल तर सांगून ठेवा. शिकलेला नसला तरी चालेल.